सिंगाराजात न लिहिण्याचा दिवस

पासपोर्टच्या पाकिटात मी आठवीच्या वीस मुलांच्या नावांची यादी घडी करून ठेवली होती. मुलुंडहून विमानतळाकडे जाताना आमची टॅक्सी पवईच्या सिग्नलला अडकली. विद्याने पासपोर्ट पुन्हा एकदा तपासायला पाकीट उघडलं आणि यादी तिच्या हाताला लागली.

"ही कशाला घेतलीत?"

"असू दे गं."

"अहो, बालीत कोण आठवीला प्रवेश घेणारे? ठेवायची ना घरी."

विद्या माझी बायको. मुलुंडलाच एका औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर लावून लावून तिला माणसाचा चेहराही पटकन लावता येतो. तिने यादी होती तशी घडी करून परत ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

या यादीचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचा प्रवास कळणार नाही. मी मुलुंड पश्चिमेच्या एका मराठी माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. मूळचा परतूरकडचा. वडील अंगठा लावायचे, आजोबाही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. ही नोकरी लागली तेव्हा आईने विहारात खीर वाटली होती. पंचवीस वर्षं या शाळेने आम्हाला जेवू घातलं, घर दिलं, चार लोकांत मान दिला. आता शाळेत मुलं येत नाहीत. पालिकेच्या शाळेतून सातवी पास होऊन आमच्याकडे आठवीला येणारी मुलं दरवर्षी कमी होत गेली. संस्थेने यंदा सांगून टाकलं: आठवीला वीस मुलं मिळाली तर वर्ग उघडेल, नाहीतर मराठी विभाग बंद करायला घेऊ.

म्हणून एप्रिलच्या उन्हात मी आणि आमच्या मुख्याध्यापिका परेरा बाई डोंगरउतारावरच्या वस्तीत घरोघर फिरलो. परेरा बाई मरोळच्या गावठाणातल्या. घरी मराठीच बोलतात आणि शाळेतही तसंच घरच्यासारखं बोलतात. "गुडघे गेले रे वाघमारे माझे," असं म्हणत त्या शंभर पायऱ्या चढायच्या. महिनाभरात वीस नावं झाली.

पहिलं नाव आरती सोनावणेचं. तिची आई टॉवरमध्ये तीन घरची कामं करते. मुलीला पुढे शिकवायला तिची ना नव्हती, पण आमची शाळा नसेल तर जवळची मराठी शाळा भांडुपला. दोन बस बदलून मुलगी एकटी पाठवायची तिची तयारी नव्हती. मी म्हणालो, "ताई, आपली शाळा दहा मिनिटांवर आहे आणि ती बंद होणार नाही. मी सांगतो ना."

"तुम्ही म्हणताय म्हणून, सर," ती म्हणाली.

आरती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. मी मे महिन्यात चार दिवस बालीला चाललोय हे बोलता बोलता निघालं, तशी ती पहिल्यांदा बोलली. "तिथे काय आहे, सर?"

"मलाही माहीत नाही. बघून येतो आणि सांगतो."

बालीला जाणं माझ्या खर्चाने होणारं नव्हतं. नोकरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून हा प्रवास भेट दिला. त्यातला गणेश घाटकोपरला एका ट्रॅव्हल कंपनीत आहे. तो म्हणाला, "सर, सगळे दक्षिणेच्या बीचवर जाऊन फोटो काढून येतात. तुम्हाला पोथ्या, इतिहास असलं पाहिजे ना? मग उत्तरेला सिंगाराजा. जुनं शहर आहे. झकास आहे एकदम." मी जायला तयार नव्हतो. परेरा बाईंनी दटावलं, "जा रे. वीस झालेत. मी बसलेय ना इथे राखण करत."

असा मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो.

बालीचा विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला आहे आणि सिंगाराजा उत्तर किनाऱ्यावर. मधे डोंगर. आम्हाला न्यायला कोमांग आला होता. कोमांग म्हणजे तिसरं अपत्य. इथे मुलांची नावं जन्माच्या क्रमाने ठेवतात, त्यामुळे एका हाकेला गल्लीतले चार जण वळून बघतात, असं त्यानेच हसत सांगितलं. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा. त्याच्याच घरी आम्ही उतरणार होतो. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच बेताचं, त्यामुळे आमचं छान जमलं. मी शिक्षक आहे कळल्यावर तो मला 'पाक गुरु' म्हणू लागला. पाक म्हणजे वडीलधाऱ्या माणसाला लावायचं संबोधन, आणि गुरु म्हणजे गुरुच. शाळेतल्या साध्या मास्तरालाही इथे गुरुच म्हणतात.

"बघा," विद्या म्हणाली, "इथे नुसतं उतरल्यावर बढती मिळाली."

रस्ता चढत गेला तसं धुकं आलं. खाली दोन तळी दिसत होती, शेजारी शेजारी. घाटमाथ्यावर गाडी थांबवली, तर कठड्यावर माकडांची रांगच बसलेली. विद्याने चकलीची पिशवी काढली आणि तिसऱ्या चकलीला पिशवी माकडाच्या हातात होती. "बोरीवलीच्या पार्कातली बरी, निदान विचार करून तरी ओढतात," ती म्हणाली. कोमांग इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. मीही हसलो. प्रवासातलं ते शेवटचं मोकळं हसणं असेल, हे तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शहर बघायला निघालो. सिंगाराजा म्हणजे सिंहराजा. मुख्य चौकात उंच खांबावर पंख असलेला सिंह बसवलाय आणि त्याच्या पंजात मक्याचं कणीस आहे. सिंहाला मक्याचं काय, असं मी विचारलं. कोमांग म्हणाला, इथल्या डोंगरात पूर्वी मकाच खायचे, भात नंतर आला. मला तो सिंह एकदम जवळचा वाटला. आमच्याकडे ज्वारी होती.

सकाळी बाजाराजवळच्या एका वारुंगमध्ये (टपरीवजा खाणावळ) आम्ही लाकलाक खाल्ले. तांदळाच्या पिठाचे लहान लहान जाड घावन, मातीच्या खापरीवर काढलेले, वर ओलं खोबरं आणि ताडाच्या गुळाचा पाक. विद्याने खाणावळवालीला हाताच्या खुणांनी पिठाचं प्रमाण विचारलं आणि तिनेही हातानेच सांगितलं. दोघी पाच मिनिटं बोलत होत्या आणि एक शब्द सामाईक नव्हता.

मग जुनं बंदर. डच राज्य होतं तेव्हा या भागाचा कारभार सिंगाराजातून चालायचा. बोटी इथेच लागायच्या, गोदामं इथेच, कचेऱ्या इथेच. चिनी व्यापाऱ्यांचं लाल देऊळ अजून बंदरासमोर उभं आहे, पलीकडे दुसऱ्या बेटावरून आलेल्या बुगी दर्यावर्दींची वस्ती आणि त्यांची मशीद. नंतर राजधानी दक्षिणेला डेनपसारला गेली. मोठा विमानतळही तिकडेच झाला. आता बंदरात बोट नाही. पाण्यात खांब रोवून बांधलेल्या फळ्यांवर लोक संध्याकाळी मासे खायला येतात. एका गोदामाला जुनाट कुलूप होतं आणि दारावरच्या अक्षरांतली निम्मी पडून गेली होती.

"कचेऱ्या गेल्या तेव्हा माणसं पण गेली का?" मी विचारलं.

"माणसं हळूहळू जातात, पाक गुरु," कोमांग म्हणाला. "आधी मोठ्या माणसांची मुलं गेली. मग इतरांना वाटलं, ती गेली म्हणजे तिकडेच काहीतरी असणार."

मुलुंडमध्येही हेच झालं होतं. आधी बंगल्यांतली मुलं इंग्रजी शाळेत गेली, मग बिल्डिंगींतली, मग चाळींतली. शेवटी आमच्याच शिक्षकांची. माझा मुलगाही इंग्रजी शाळेत शिकला. परेरा बाईंनी त्यावरून मला कधी बोल लावला नाही. मीच लावून घेतो.

तिसरा दिवस शुक्रवार. ज्याच्यासाठी आलो होतो ते ताडपत्रांचं ग्रंथालय बघायला गेलो. बैठी इमारत, आत लाकडी कपाटं. प्रत्येक खणात लांबट पेट्या आणि पेटीत लोंतार, म्हणजे ताडाच्या पानांवर कोरलेल्या पोथ्या. औषधं, पंचांग, राजांच्या वंशावळी, भारतातून गेलेल्या कथा. तिथे पाक न्योमान नावाचे सत्तरीचे गृहस्थ भेटले. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ते नव्या पानांवर जुन्या पोथ्यांच्या नकला करतात. कोमांग आमच्यात दुभाष्या.

त्यांनी एक पान मांडीवर घेतलं आणि आखूड, तिरप्या पात्याच्या सुरीने कोरायला सुरुवात केली. सुरी हलत होती, पण पानावर काहीच दिसत नव्हतं. चार-पाच अक्षरं झाली तरी पान कोरंच. मग त्यांनी जळक्या बियांची तेलकट काजळी बोटाने पानावर चोळली आणि फडक्याने पुसली. अक्षरं एकदम वर आली, काळी, गोलगोल. त्यांनी पान विद्यापुढे धरलं.

"तुमचं नाव," कोमांग म्हणाला.

विद्याने ते पान दोन्ही हातांत घेतलं. दुकानात दिवसाला शंभर नावं वाचणारी बाई स्वतःचं नाव न वाचता येता बघत राहिली.

मी वहीत देवनागरीत 'विद्या' लिहून पाक न्योमानना दाखवलं. त्यांनी वरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि मान हलवली. कोमांगने भाषांतर केलं, "ते म्हणतात, अशी लांब आडवी रेघ पानावर चालत नाही. पानाच्या शिरा आडव्याच असतात. रेघ ओढली की पान फाटतं. म्हणून आमची अक्षरं गोल."

मला शिकवायला नवीन गोष्ट मिळाल्याचा आनंद झाला. पंचवीस वर्षं मी मुलांना शिरोरेषा द्या, शिरोरेषा द्या म्हणून ओरडतोय. रेघ का नसते, हेही आता सांगता येईल. मी पाकिटातून यादी काढली. विचारलं, "या वीस मुलांची नावं एका पानावर कोरून द्याल का? त्यांच्या वर्गात लावीन."

पाक न्योमानांनी यादी नीट बघितली. वाचता येत नव्हती तरी वरून खाली बघितली. मग म्हणाले, आज वेळ नाही, आज सगळ्या पोथ्या झटकून, पुसून बांधायच्या आहेत. आणि उद्या सरस्वतीचा दिवस.

"मग उद्या?"

"उद्या कोणी लिहीत नाही," कोमांगने सांगितलं. "वाचतही नाही. उद्या पुस्तकं देवापुढे असतात. अक्षरांना एक दिवस विश्रांती."

आमच्याकडेही दसऱ्याला पाटीपूजन असतं. शाळेत मीही कितीदा फळ्यावर एकांच्या आकड्यांनी सरस्वती काढून दिलीय, मुलांना हवी असते म्हणून. पण न लिहिण्याचा सण माझ्या घरात रुजला नाही. त्याचं कारण साधं आहे. माझे आजोबा, पणजोबा आणि त्यांच्या मागचे सगळे रोजच न लिहिता-वाचता जगले आणि ते कुणी त्यांच्यासाठी सण म्हणून ठरवलेलं नव्हतं. हे मी कोमांगला सांगितलं नाही. त्याच्या श्रद्धेला ते लागू नव्हतं. परवा रविवारी सकाळी आम्ही निघणार होतो, म्हणजे पान होणार नव्हतं. मी यादी परत ठेवली.

शनिवारी सकाळी कोमांगच्या घरात सगळे पांढऱ्या कपड्यांत, कमरेला पिवळा पट्टा. अंगणातल्या छोट्या देवळीपुढे घरातली सगळी पुस्तकं रचून ठेवलेली: धार्मिक पोथी, गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक, वीजबिलांची फाइलसुद्धा. कोमांगची मुलगी आयू तेरा वर्षांची. तिने शाळेची सगळी पाठ्यपुस्तकं आणून ढिगावर ठेवली, वर चानांग (पानाच्या द्रोणातली फुलं) ठेवला, आणि तांदळाच्या पिठाची एक पाल. पाल इथे विद्येची खूण. आयू खुशीत होती. "आज होमवर्क नाही!" तिने आम्हाला इंग्रजीत सांगितलं आणि विद्याच्या कानामागे एक फूल खोचलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. परेरा बाई.

"वाघमारे, बोलता येईल का रे?"

आवाजावरूनच कळलं. मी अंगणाबाहेर गेलो.

"चार गेली," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या इंग्रजी शाळेने काल वस्तीत माणूस पाठवला. दप्तर देतात, बूट देतात. चार आईबाप जाऊन फॉर्म भरून आले. सोळा राहिली."

"मी सोमवारी येतोय. मी बोलतो त्यांच्याशी."

"सभा आज पाचला आहे. संस्थेने कागद तयार ठेवलाय. आपल्या विभागातल्या आम्हा तिघांच्या सह्या झाल्या, तुझी राहिलीय."

"कशाला केल्यात?"

"ऐक. चौघांनीही सही केली तर संस्था सोळा पोरांना भांडुपच्या शाळेत एकदम घेऊन देणार आहे. त्यांच्याशी बोलणं झालंय. नाही केली तर भांडण होईल, तुझंमाझं नाव होईल, पेपरात येईल, आणि जूनला ही पोरं घरी बसतील. तू सांग मला, काय करू? सांग ना रे."

"आरती सोनावणे सोळात आहे?"

"आहे."

"तिची आई भांडुपला पाठवणार नाही."

"माहितीये मला," परेरा बाई म्हणाल्या. "पण बाकी पंधरा जातील."

कागद मोबाइलवर आला होता. छापून, हाताने सही करून, फोटो काढून पाचच्या आत पाठवायचा होता. इकडचं घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे इथले साडेसात. मी कोमांगला विचारलं, छापून कुठे मिळेल? पांढऱ्या कपड्यांतल्या त्या माणसाच्या कपाळाला ओले तांदळाचे दाणे लावलेले होते. त्याने विचारलं, "उद्यापर्यंत थांबता येणार नाही?"

"नाही."

त्याने स्कूटर काढली. विद्या म्हणाली, "मीही येते," पण स्कूटरवर जागा नव्हती. ती दारातच उभी राहिली.

रस्त्यावर शाळांची मुलं रांगेने देवळाकडे चालली होती, सगळी पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर टोपल्या. एकाच्याही हातात वही नव्हती. दोन झेरॉक्सची दुकानं बंद होती. बंदराजवळ जावाहून आलेल्या एका मुसलमान गृहस्थांचं दुकान उघडं होतं. कोमांग रस्त्याच्या पलीकडे स्कूटर लावून थांबला. आत आला नाही. दुकानाकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं रागावला. नंतर त्याने सांगितलं, तसं नव्हतं. पाक गुरुंना त्याच्यासमोर लिहायला संकोच वाटू नये, म्हणून.

दुकानदाराने कागद छापून दिला आणि टेबलावरची रद्दी बाजूला करून मला बसायला स्टूल दिलं. मी कागद वाचला. आठवीचा वर्ग यंदा न उघडण्यास माझी हरकत नाही, असं त्यात सरळ मराठीत लिहिलं होतं. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती. तरी मी दोनदा वाचला. चूक सापडली असती तर तेवढं तरी परत पाठवता आलं असतं.

माझी सही मला आवडते. पूर्ण नाव, शेवटी खाली वळण. नोकरीच्या पहिल्या पगाराला मी ती केली तेव्हा वडील शेजारी उभे होते. आमच्या घरात कागदावर पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही उमटली होती, आणि वडिलांनी शाई वाळेपर्यंत कुणाला कागद उचलू दिला नव्हता. पंचवीस वर्षं तीच सही प्रगतिपुस्तकांवर केली. तीच मी आता केली. त्या शहरात त्या दिवशी, निदान मी बघितलेल्या माणसांत, लिहिणारा मी एकटा होतो.

फोटो काढला, पाठवला. परेरा बाईंनी फक्त हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

परत येताना कोमांगने विचारलं, "काम झालं?"

"झालं."

"चांगलं की वाईट?"

मी म्हणालो, "शाळा बंद केली." त्याने स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. समोरून मुलांची रांग जातच होती. मग तो म्हणाला, "घरी जेवण तयार असेल," आणि निघाला.

जेवताना आयूने पिठाची पाल मोडून तिचं डोकं माझ्या पानात वाढलं. डोकं पाहुण्याला द्यायचं असावं. मी खाल्लं. गोड होतं, कोरडं होतं. विद्या समोर बसली होती. तिने पाण्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

सरस्वतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं गाव समुद्रावर जातं. कालच्या पूजेने मिळालेलं ज्ञान अंगात मुरावं म्हणून डोक्यावरून पाणी घेतात. निघण्याआधी कोमांग आम्हालाही घेऊन गेला. इथली वाळू काळी. ज्वालामुखीची राख. जुहूच्या वाळूची सवय असलेल्या डोळ्यांना ती आधी घाण वाटली, मग बघता बघता चांगली वाटायला लागली. आज्या, बाया, तान्ही मुलं, सगळी पाण्यात. दूर पाण्यात काळ्या पाठी वर येऊन परत जात होत्या. डॉल्फिन. विद्या ओरडली, "अहो, बघा, बघा!" मी बघितले. घरी गेल्यावर गणेशला सांगावं असंच ते होतं. एरवी त्या दृश्याने मी खुळा झालो असतो. त्या पहाटे मला ते सगळं काचेपलीकडचं वाटलं.

पाक न्योमान पाण्यातून वर आले. कपडे निथळत होते, चष्मा हातात. त्यांनी किनाऱ्यावरच्या पिशवीतून एक कोरं ताडपत्र काढून माझ्या हातात दिलं. कोमांगने सांगितलं, "ते म्हणतात, नावं राहिली. तुम्ही घरी लिहा."

वर्गच उरला नाही, हे त्यांना कोण सांगणार होतं? मी दोन्ही हातांनी पान घेतलं.

मुंबईत उतरल्यावर दोन दिवसांनी मी ते पान टेबलावर घेतलं. सुरी नव्हती, म्हणून कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं. सोळा नावं तरी लिहावीत असं ठरवलं. पहिलं नाव आरतीचं. अ, त्याचा काना, र, त आणि वेलांटी. पानावर काही दिसत नव्हतं, बोटाला मात्र लागत होतं. शब्द पूर्ण झाला आणि हात आपोआप डावीकडे गेला आणि मी वर रेघ ओढली. पंचवीस वर्षांची सवय. पान टर्रकन शेवटपर्यंत चिरत गेलं.

विद्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय झालं?"

"काही नाही. रेघ दिली."

तिने दोन्ही तुकडे उचलले, एकावर एक ठेवले आणि पासपोर्टच्या पाकिटात ठेवले.

त्याच संध्याकाळी मी वस्तीत गेलो. भांडुपच्या शाळेचं पत्र सोबत घेतलं होतं. बसचं मी बघेन, पहिले काही दिवस मी स्वतः नेऊन सोडीन, असं सगळं बोलायचं ठरवून गेलो होतो. आरतीची आई नुकती कामावरून आली होती. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. परेरा बाई आदल्या दिवशी येऊन गेल्या होत्या. तिला सगळं कळलं होतं.

"आरती कुठेय?"

"गावी पाठवली, सर. माझ्या बहिणीकडे, सिन्नरला. तिचं दुसरं बाळंतपण आहे. घरात बाई माणूस नाही."

"शाळा सुरू व्हायच्या आत येईल ना?"

तिने पदराने हात पुसले. "बघू."

"ताई, मी शब्द दिला होता तुम्हाला."

"तुमच्या हातात असतं तर केलं असतं ना तुम्ही," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला उभं राहायला काही आधार मिळाला असता. सहीचं मी तिला सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. मग, पाहुणा आलाय आणि काहीतरी चांगलं विचारायला हवं, म्हणून तिने विचारलं, "कसा झाला प्रवास, सर? काय काय बघितलं?"

मी सांगायला लागलो. माकडं, चकल्या, कणीस धरलेला सिंह, काळी वाळू, पाण्यातून वर येणाऱ्या पाठी. ती लक्ष देऊन ऐकत होती. मधेच म्हणाली, "हे आरतीला सांगायला पाहिजे होतं. जाताना विचारत होती, सर आले का म्हणून." आणि मग, "तुम्ही लिहून ठेवा, सर. आली की वाचेल."

म्हणून हे लिहिलं आहे. जूनचा दुसरा आठवडा संपला. मला गोवंडीच्या शाळेत नेमणूक मिळाली आहे. पंधरा मुलं भांडुपला जाऊ लागली. आरती अजून आलेली नाही.